भिमाजीची लेन्स

इंदिरानगरात गोरक्षचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो आणि आधारकार्डाचं लॅमिनेशन, एवढाच धंदा. पण नाशकातला कुणी फोटोग्राफर जुनी लेन्स घ्यायला निघाला, की आधी ती गोरक्षच्या पुढ्यात आणून ठेवतो. गोरक्ष भिंतीवर एक लग्नपत्रिका चिकटवतो, ॲपर्चर पूर्ण उघडून तिचा फोटो काढतो आणि कॉम्प्युटरवर मोठा करून बघतो. मधलं ‘शुभविवाह’ कुठलीही लेन्स दाखवते. खरी परीक्षा खालच्या कोपऱ्यांतली. तिथे ‘किलबिल’ या मथळ्याखाली घरातल्या पोरांची नावं मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली असतात. ती वाचता आली तर लेन्स पास. यात त्याने सख्ख्या मेव्हण्याचीही भीड ठेवली नव्हती.

असा हा सरळ माणूस एकाच नावाने पेटायचा. ते नाव भिमाजी.

अठरा वर्षांपूर्वी, दोघंही लग्नाचे फोटो काढायचे तेव्हा, ते बरोबर मुंबईला गेले आणि एकाच कंपनीची पन्नास एमएमची लेन्स घेऊन आले. दुकानदाराने दोन खोकी पुढे केली. “तू उचल आधी,” गोरक्ष मोठ्या मनाने म्हणाला, आणि त्या मोठेपणाला तो आजतागायत शिव्या घालतोय. भिमाजीच्या फोटोंत नवरीची आई हसता हसता रडताना सापडायची. गोरक्षच्या फोटोंत तीच बाई रेशनकार्डासाठी उभी असल्यासारखी दिसायची. लोक भिमाजीला तारीख विचारून मग मुहूर्त काढायला लागले. गोरक्षने मनाशी निकाल लावून टाकला, की चांगली लेन्स त्याच्या खोक्यात गेली आणि टाकाऊ आपल्या गळ्यात पडली. बायकोला, उज्वलाला, त्याने हे इतक्यांदा ऐकवलं होतं की ती नुसतं “हो ना” म्हणून कुकर लावायला उठायची. आणि तिनेच स्वतःच्या भाचीच्या लग्नात फोटो काढायला भिमाजीला बोलावलं. त्या दिवशी गोरक्ष जेवला नव्हता.

परवा वैष्णवी आली. लग्नाच्या ऑर्डरी नुकत्याच घ्यायला लागलेली पोरगी.

“काका, भिमाजीकाकांचे गुडघे गेलेत. काम बंद केलंय त्यांनी, लेन्स विकतायत. सांगतायत तेवढ्याला घेऊ का?”

ती लेन्स हातात घेताना गोरक्षचा जीव नुसता उतावीळ झाला. अठरा वर्षं तिच्यावर जळला, पण चाचणीला मागायची लाज वाटली होती. आज पुरावाच चालून आला होता. टाकाऊ ठरवून टाकलेली आपली लेन्स त्याने कधी तपासलीच नव्हती; आज आधी मुद्दाम तीच लावली. ‘किलबिल’मधलं शेवटचं नावसुद्धा लख्ख आलं. मग भिमाजीची लावली. मधला भाग छान, पण डाव्या कोपऱ्यातल्या पोरांचं पार पिठलं झालेलं.

पत्रिकाच तिरकी असेल, असं त्याला वाटलं. त्याने दोरा घेऊन कॅमेऱ्यापासून दोन्ही कडांपर्यंतचं अंतर मोजलं. सारखंच होतं. फोटो पुन्हा काढला, मग आणखी दोनदा. कोपरा काही सुधरेना. म्हणजे चांगली लेन्स इतकी वर्षं त्याच्याच कपाटात होती.

दुसरा कुणी असता तर त्याने पेढे वाटले असते. गोरक्षने घाईने स्क्रीनवरचे दोन्ही फोटो बंद केले. “एक नंबर आहे, डोळे झाकून घे,” एवढं म्हटलं की पोरगी खूश, भिमाजी खूश, आणि घरी उज्वलाला ‘मी म्हणत होतो ना’ सांगायलाही बरं. शब्द अगदी ओठांवर आले होते. वैष्णवी मात्र त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती, की हा म्हणेल तेच खरं.

“डावा कोपरा सॉफ्ट आहे, पुसट येतो,” तो कसाबसा म्हणाला. “स्क्रूला कुणाचा हात लागलेला नाही, म्हणजे हा दोष पहिल्यापासूनचा. नवरी मध्येच असते, तुझं काम भागेल. पण तीन हजार कमी दे.”

“पण काका, त्यांच्या फोटोंत असं कधीच दिसलं नाही.”

“कसं दिसणार? तो कोपऱ्याकडे बघूच देत नाही कुणाला. त्याला फोटो काढता येतो, बाई.”

ती गेली. गोरक्ष भिंतीवरची पत्रिका काढायची विसरून तसाच बसून राहिला. भिमाजीचा जितका हेवा त्याला त्या दुपारी वाटला, तितका अठरा वर्षांत कधी वाटला नव्हता, आणि आता आपल्या फोटोंचं खापर फोडायला जवळ काहीच उरलं नव्हतं.