दोघींचं बेट

रोह्याच्या खाली कुंडलिका रुंदावते, तिथे खाडीत एक लहानसं बेट आहे. त्यावर शेंदूर माखलेला दगड, आणि हातभर अंतरावर झिजलेला दगडी क्रूस. दगडाला आम्ही जुनी आई म्हणतो. क्रूस कुणी रोवला, कुणालाच ठाऊक नाही. खाडीत जाणारी माणसं नारळ दोन्हीकडे ठेवतात, मेणबत्तीही दोन्हीकडे लावतात.

मी कॉलेजात असताना आत्याचे यजमान वालाची पोती घेऊन होडीने रेवदंड्याला निघाले. होडी खाडीमुखाजवळच्या एका ख्रिस्ती कोळ्याची. दुपारी वारा फिरला आणि दोघांसकट होडी उलटली. काही दिवसांनी एकच देह बेटाला लागला. पाण्याने त्यात ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. दुसरा कधीच सापडला नाही.

पोलीस म्हणाले, तपासणी करता येईल, पण वेळ लागेल. कोळ्याची बायको चिखलात उभी होती. आत्याला ती तेव्हा पहिल्यांदाच भेटत होती.

"दोघींतल्या कुणाचा तरी हाय गो," ती म्हणाली. "मग दोघींचाच समजू."

आत्या तिच्याशेजारी चिखलात उतरली. मग म्हणाली, "व्हय. हितंच ठेवू."

आमच्या घरात जाळण्यावरून बोलणं झालं, त्यांच्याकडे दफनभूमीवरून. दोघींनी कुणाचंच ऐकलं नाही. क्रूस आणि जुनी आई यांच्या मधे त्याला पुरलं. त्यानंतर दरवर्षी त्याच तिथीला दोघी तिथे भेटत. फार बोलत नसत. एक जपमाळ ओढायची, दुसरी हळद-कुंकू वाहायची, मग दोघी भाकरी खायच्या.

आत्या आता पेणला माझ्याकडे असते. यंदा वडखळवरून तिला गाडीने रोह्याला नेलं आणि पुढे होडीत धरून बसवलं. बेटावर त्या बाईची मुलगी एकटीच आली होती.

"मावशी, आई गेली," ती म्हणाली. "चर्चच्या आवारात ठेवली. पन तिथली मूठभर माती हितं टाकायला सांगितली होती."

तिने रुमाल सोडला. आत्याने अर्धी माती आपल्या हातात घेतली आणि दोघींनी मिळून ती त्या जागेवर पसरली. आत्या रडली नाही. मला मात्र समोर बघवेना.

परतताना तिने माझा हात धरला.

"माझी राख पन हितंच आण रे."

"आणीन," मी म्हणालो. घरचे काय म्हणतील, हे तिनेही विचारलं नाही.