गच्चीवर वाळणारे पॅड

बिबवेवाडीतल्या आमच्या जुन्या सोसायटीत अजूनही सांगतात, की टीम बंद पडली म्हणून तो गोलकीपर फ्लॅट सोडून गेला. ते खरं नाही. टीम त्यानंतरही खेळत होती. मी तिथेच होतो, म्हणून लिहितो.

निवृत्त झाल्यावर मी अमरावतीहून मुलाकडे आलो. मुलगा आयटीत, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. माझी ओळख कुणाशीच नव्हती. वरच्या मजल्यावर शहराच्या नव्या व्यावसायिक हॉकी संघाचा गोलकीपर भाड्याने राहायचा, मूळचा झारखंडचा. जिन्यात एकदा त्याने मला पास दिला. "अंकल, गोल के पीछे बैठना."

बसलो. सामना सुरू होण्याआधी तो स्टिकने पॅडवर टकटक करायचा आणि वळून माझ्याकडे बघायचा. हॉकीतलं मला काही कळत नव्हतं. पण इतक्या मोठ्या शहरात कुणीतरी मला शोधत होतं, म्हणून मी प्रत्येक सामन्याला जाऊ लागलो.

त्याचे ओले पॅड गच्चीवर वाळायचे. वास यायचा, हे खरं. शेजारीच बायकांच्या कुरडया असायच्या. सोसायटीची मीटिंग भरली.

चेअरमन म्हणाले, "कुरडयांना हॉकीचा वास येतो अशी तक्रार आहे. शिवाय हे बॅचलर. आपल्या नियमात बसत नाही."

तो उठून म्हणाला, "पॅड अंदर सुखाऊंगा, सर. सीझन तक रहने दीजिए."

"आपण बसून बोला. उभं राहिलं की वास लांब जातो."

सगळे हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलाने माझा गुडघा दाबला. "बाबा, आपण स्वतः भाडेकरू आहोत."

हे घर मिळेपर्यंत आमचं आडनाव ऐकून कितीजण "कळवतो" म्हणाले होते. त्यांच्यापुढेही मी गप्पच बसलो होतो. इथेही बसलो.

तो शहराच्या पार टोकाला, मांजरी गावात राहायला गेला.

पुढच्या सामन्याला चेअरमन माझ्या शेजारी येऊन बसले. त्याने पेनल्टी स्ट्रोक अडवला तसे ते उभे राहून ओरडले, "आमच्या बिल्डिंगमधला आहे हो!" मग माझ्याकडे वळले. "काय हो, अमरावतीला टाळ्या वाजवत नाहीत का?"

सामन्याआधी त्याने पॅडवर टकटक केली होती, नेहमीसारखी. वळून मात्र बघितलं नव्हतं.