चकतीचा कान

ऑफिसात तिला सगळे शिंपीण म्हणायचे. सुईदोऱ्याशी तिचा संबंध शर्टाचं बटण लावण्यापुरताच होता. पण जुन्या सॉफ्टवेअरचा एखादा तुकडा नव्यात बसवायचा झाला, की तो तिच्याच टेबलावर येऊन पडे. नवी पोरं भराभर नवे स्क्रीन उभे करत आणि पंधरा वर्षांपूर्वीचा कोड दिसला की नाक मुरडत. "हे शिंपिणीकडे द्या, ती ठिगळ लावेल," म्हणत. ती हसण्यावारी न्यायची. मनात मात्र धाकधूक असायची, की ठिगळं संपली की आपलं काय होणार?

तशी काळजी तिच्या पाचवीलाच पुजलेली. कुलूप लावून दोन जिने उतरली, तरी परत वर जाऊन ते ओढून बघणार. गॅस बंद केला का, हे वाटेतून फोन करून विचारणार. आई म्हणायची, "जन्माला येतानासुद्धा तू एकदा मागे वळून बघितलं असशील, काही राहिलं तर नाही ना म्हणून." अशा बाईच्या हातून नेमकं मागे काही राहून जावं, याला काय म्हणायचं?

झालं ते असं. एका हॉस्पिटलचं जुनं सॉफ्टवेअर नव्याने करायचं काम कंपनीकडे आलं. त्या जुन्या स्क्रीनवर एक गोल चकती होती, शिंपिणीनेच नोकरीच्या सुरुवातीला बनवलेली. वेदनाशामक औषध शिरेतून किती वेगाने सोडायचं, तो आकडा चकती फिरवून ठरवायचा. फिरवायची कीबोर्डवरच्या बाणांनी, म्हणजे हातात मोजे असले तरी अडत नसे. नर्सनी बैठकीत निक्षून सांगितलं होतं, "बाकी काय वाटेल ते बदला. आमच्या चकतीला हात लावायचा नाही."

पोरांना ती चकती फेकून तयार काहीतरी आणायचं होतं, आणि त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. चकती ज्या बाहेरच्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, उभी होती, ती लिहिणाऱ्याने तिच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. पण शिंपिणीला ते जिव्हारी लागलं. "मी बसवून देते," ती म्हणाली आणि हट्टाला पेटली.

नव्या स्क्रीनचा खाक्या असा, की प्रत्येक वस्तू आपल्याच ताब्यात हवी. जरा काही बदललं की तो सगळं पुन्हा आपल्या मनासारखं मांडणार. चकतीही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. एका स्वयंपाकघरात दोन मालकिणी, तशातली गत. शिंपिणीने नव्या स्क्रीनमध्ये एक रिकामा चौकोन ठेवला, याच्या आत लक्ष घालायचं नाही असं त्याला बजावलं आणि त्यात चकती बसवली. आकडा आत कसा द्यायचा, बाहेर कसा घ्यायचा, सगळं नीट लावलं. मग तपासायला बसली. एक पेशंट उघडायचा, चकती फिरवायची, आकडा बरोबर आला की बोट आपसूक रिफ्रेशवर. पान कोरं करकरीत. मग पुढचा पेशंट. ती सवय तिची एकटीची नव्हती. ऑफिसात सगळ्यांचंच बोट तसं वळायचं. दुसऱ्यांनी तपासलं तेही असंच. सगळं बरोबर निघालं, प्रमुखाने पाठ थोपटली, आणि शिंपीण त्या दिवशी कुलूप एकदाच ओढून घरी आली.

नवा स्क्रीन सुरू व्हायच्या आधल्या दिवशी तिची आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीण आईच्या खाटेशी स्टुलावर बसली होती. वॉर्ड बायकांचा, लांबोडका. शेजारी खिडकीपाशी एक निवृत्त बस कंडक्टरबाई होत्या. त्यांना भेटायला कुणी येत नसे, म्हणून त्या सगळ्यांच्या पाहुण्यांशी गप्पा मारत. वॉर्डाच्या मध्ये टेबल, टेबलावर मोठा स्क्रीन, आणि त्यापुढे थोरल्या सिस्टर. डॉक्टरांची फेरी नुकतीच संपली होती, आणि त्यांनी सांगितलेले बदल सिस्टर स्क्रीनवर चढवत होत्या. ते बघून दुसरी नर्स खाटेखाटेशी जाऊन औषधाचा पंप लावणार होती.

स्टुलावरून स्क्रीन स्वच्छ दिसत होता. डावीकडे सगळ्या खाटांची यादी आणि प्रत्येकीपुढे आकडा, उजवीकडे तिची चकती. शिंपिणीला भरून आलं. आईला कोपराने ढोसून ती म्हणाली, "ती बघ, माझी चकती."

"बघितली. पोळपाटाएवढी आहे," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

सिस्टरनी कंडक्टरबाईंचा आकडा जरासा वाढवला. मग यादीतल्या दाराजवळच्या पेशंटवर टिचकी मारली आणि बाण दाबला. दाराजवळच्या बाईचा आकडा वाढला. कंडक्टरबाईंचाही वाढला.

शिंपिणीने डोळे चोळले. सिस्टरनी कोपऱ्यातल्या मुलीचं नाव उघडलं, बाण दाबला. आता तिन्ही आकडे हलले.

शिंपिणीला क्षणात सगळं कळलं. पुढचा पेशंट उघडला की जुनी चकती स्क्रीनवरून जात होती, पण दाबलेला बाण ऐकणारा तिचा कान मागेच राहत होता. बाण कुणासाठीही दाबा, आधीच्या सगळ्या चकत्या तो ऐकत होत्या आणि आपापल्या पेशंटचा आकडा फिरवत होत्या. चकती जाताना तिचा कान काढून घ्यायचा असतो, तेवढं लिहायचं राहिलं होतं. ऑफिसात रिफ्रेशने प्रत्येक वेळी सगळं धुऊन निघत होतं. इथे रिफ्रेश कोण करतंय? सिस्टर सकाळी स्क्रीन उघडत आणि संध्याकाळपर्यंत एकीवरून दुसरीवर जात.

ओरडायला हवं होतं. तिने मोबाइल काढला. 'जुनी आवृत्ती ताबडतोब परत लावा,' प्रमुखाला निरोप धाडला. आता दोन मिनिटांत लागेल. कुणाला कळणारही नाही. उगाच वॉर्डात गोंधळ कशाला? पोरं म्हणतील, सांगितलं होतं की नाही. ती मोबाइलकडे बघत राहिली. निरोप प्रमुखाने वाचलाच नव्हता. सिस्टरनी आणखी एक नाव उघडलं. यादीतले आकडे पुन्हा हलले. दुसरी नर्स यादीवर नजर टाकून खिडकीकडे निघाली. शिंपीण एक हात आईच्या हातावर तसाच ठेवून स्टुलाला चिकटून बसली होती.

"चला, आता आजींचं बघू," थोरल्या सिस्टर म्हणाल्या आणि यादीत आईच्या नावाकडे वळल्या.

"थांबा!" शिंपीण एवढ्या जोरात उठली की स्टूल कलंडलं. "सिस्टर, थांबा! काही दाबू नका!"

"काय झालं हो? मुंगी चावली का?"

"आकडे चुकतायत. एकीचा बदलला की आधीच्या सगळ्यांचे बदलतायत. पंप लावू नका!"

"तुम्हाला काय माहीत?"

"ती चकती मीच बसवलीय. चूक माझी आहे."

सिस्टरनी तिच्याकडे एकदा आणि स्क्रीनकडे एकदा पाहिलं. मग वॉर्ड दणाणून टाकणारी हाक दिली, "पंपाला हात लावू नकोस ग!"

दुसऱ्या नर्सचा हात कंडक्टरबाईंच्या पंपावरच होता. तो तिथेच थबकला.

पुढची धावपळ सिस्टरनीच केली. डॉक्टरांना फोन लावून प्रत्येकीचा आकडा पुन्हा विचारून घेतला, पंप हातांनी तपासले. एकाही पंपावर चुकीचा आकडा गेला नव्हता. कंडक्टरबाईंच्या पुढचा आकडा मात्र असा होता, की तो सिस्टरनी डॉक्टरांना दोनदा वाचून दाखवला. शिंपिणीने व्हरांड्यात जाऊन प्रमुखाला तीनदा फोन केला, तेव्हा कुठे त्याने उचलला आणि जुनी आवृत्ती परत लावली. कारण कळल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना ताई? एका ओळीचं काम आहे. होतं असं."

"हो, एकच ओळ," ती म्हणाली.

ती परत येऊन बसली. आईने डोळे उघडले होते. तिने लेकीचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "तुला कधी दिसलं ग ते?"

"आत्ताच."

"मी जागी होते. मघाशीच तुझा हात गार पडला होता. मोबाइल काढलास, बसून राहिलीस." आईच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच शिंपीण जास्त घाबरली. "माझं नाव आलं तेव्हा ओरडलीस."

शिंपिणीने मान खाली घातली. उठून पळून जावंसं वाटलं तिला.

"खाली मान घालून इथे बसू नकोस," आई म्हणाली. "जा तिकडे."

कंडक्टरबाई उशाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली. "या. मला पण सांगा काय गोंधळ झाला तो. आमच्यापर्यंत कुणी काही पोचवत नाही. तुम्ही वेळेवर ओरडलात म्हणे, माझा जीव वाचवलात."

शिंपीण खाटेच्या कडेला बसली. एवढ्या कौतुकावर गप्प बसणं आता सगळ्यात सोपं होतं.

"वेळेवर नाही ओरडले, मावशी," ती म्हणाली. "तुमचा आकडा मला सगळ्यात आधी दिसला होता."