आपली गाडी

आमच्या घरचा ट्रक खोपोलीच्या पुढे कधी गेला नव्हता. कशेळ्याला भात नाहीतर लाकूडफाटा भरायचा आणि कर्जत स्टेशनावर नेऊन टाकायचा, एवढंच त्याचं जग. कधीमधी खोपोलीची खेप. बोरघाटाची पहिली चढण लागली की इंजिन उकळायचं, तिथूनच माघारी. माझ्या नवऱ्याचं मात्र एकच वेड होतं. एकदा आपल्या हातानं ही गाडी घाट चढवून पुण्याच्या बाजारात उभी करायची. तसा माणूस इतका गरीब, की भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवून उठायचा. पण खोपोलीला माल उतरला की गाडी वळवण्याआधी थांबायचा आणि वर डोंगराकडे बघत बसायचा.

लढाई संपली आणि माझा पाठचा भाऊ लष्कराच्या कारखान्यातून सुटून आला. तिथं तो मोटारी दुरुस्त करायचा. लष्कराचा उरलेला माल तेव्हा लिलावात निघत होता. त्यातलं एक सहा सिलिंडरचं इंजिन त्यानं उचललं आणि होळी झाल्यावर बैलगाडीत घालून थेट आमच्या खळ्यात आणून उतरवलं.

"बाय, हे आपल्या गाडीत बसवू. मंग बघ, दाजी हसत घाट चढतील!"

आपल्या गाडीत! मला काय गोड वाटलं म्हणून सांगू. माहेरचं माणूस सासरच्या गाडीला आपली म्हणत होतं. नवरा जरा घुटमळला, तर मीच पुढं झाले. म्हटलं, "अहो, माझ्या पाठचा आहे तो, परका का कोण?"

मग काय, घराचा कारखाना झाला. खळ्यात तीन जाड वासे वर एकत्र बांधून उभे केले, त्यांना साखळी आणि कप्पी लावली आणि जुनं इंजिन करकरत वर आलं. माझ्या पुरणाच्या परातीत नटबोल्ट, भाकरीला रॉकेलचा वास. नवं इंजिन वीतभर लांब निघालं, बॉनेट बसेना. तेव्हा नवऱ्यानं स्वतः छिन्नी घेतली आणि आपल्या गाडीचं बॉनेट आपल्याच हातानं कापलं. दर घावाला तोंड असं करायचा, जसं काही स्वतःलाच लागतंय. जुनं इंजिन खळ्यात पडून होतं. "पावसात गंजंल, अडचण कशाला," म्हणून भावानं ते भाताच्या गिरणीवाल्याला देऊन टाकलं. आम्हालाही पटलं.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी मी गाडीवरून नारळ ओवाळला आणि नवऱ्यानं तो फोडला. भाऊ म्हणाला, "दाजी, घाटाला पयला हात तुमचाच. चार दिवस मला फिरवू द्या, इंजिन जरा मोकळं होऊ दे."

एक गोष्ट मी तेव्हापासून बघत होते. गाडी उभी केली की भाऊ इंजिनावरचं एक काळं झाकण उघडायचा, आतला अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा काढायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकून वर बटण लावायचा. मी विचारलं तर म्हणाला, "रोटर हाय गं. हा काढला का गाडी चालूच होत नाय. लष्करात आशीच पद्धत, चोर गाडी नेत नाय." मी कौतुकानं ते अख्ख्या आळीला सांगितलं. किती जपतो बघा आपल्या गाडीला!

चार दिवसांचे पंधरा झाले. गाडी रात्रीची खोपोलीलाच राहू लागली. मग एकदा दहिवलीचा एक ओळखीचा भेटला. म्हणाला, "तुमची गाडी लोणावळ्यात बघितली. काय घाट चढते हो!"

नवऱ्यानं एवढंच विचारलं, "गरम झाली होती का?"

"छे!"

ते ऐकून मला रडू फुटलं. नवऱ्याशिवायच घाट चढली गाडी! दुसऱ्या दिवशी नवरा खोपोलीला गेला. गाडी एका व्यापाऱ्याच्या वखारीपुढे उभी होती. हँडल मारून मारून हात सोलले, पण चालू होईना. झाकण उघडून बघतो तर आत तुकडा नाही. तेवढ्यात माझा भाऊ वखारीतून आला. त्या व्यापाऱ्याशी त्यानं भागी केली होती. म्हणाला, "इंजिन माझं हाय, दाजी. पत्रा नि चाकं तुमची, ती काढून न्या."

नवरा कर्जतपर्यंत चालत आला. मला चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. केसानं गळा कापला मेल्यानं, आणि गळा माझ्या नवऱ्याचा, केस माझे!

दिवाळीत भाऊबीजेला तो आला. हो, आला! बिनदिक्कत पाटावर बसला. मी ताट घेतलं. सण होता, दारात आलेल्या भावाला हाकलायचं कसं? तर म्हणतो, "आटप गं बाय, आमची गाडी रस्त्यात उभी हाय."

आमची. आपली नाही, आमची. घरभर तेलाचे हात पुसून गेला तेव्हा आपली होती. नवरा ओटीवर बसला होता, तो उठून मागच्या परड्यात निघून गेला.

मी कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळणी टाकायला त्यानं खिशाचं बटण काढून मूठ बाहेर काढली. रुपयाबरोबर तो तपकिरी तुकडाही तळहातावर आला.

मी म्हटलं, "रुपया राहू दे. हा टाक."

तो हसला. मी हसले नाही. ताट तसंच पुढं धरून म्हटलं, "बहिणीनं मागितलंय रं. एकदा त्यांना घाट चढू दे, मग परत ने."

निरांजनाची वात तडतडत होती. त्यानं रुपया ताटात ठेवला, तुकडा खिशात घातला आणि बटण लावलं.