तोंड बांधून

सांगलीत चित्रकला शिकत होते, तेव्हा भिंती रंगवणाऱ्यांना मी पेंटर म्हणायचे आणि स्वतःला चित्रकार. हा फरक मैत्रिणींना इतका घोळवून सांगितला होता, की आता सासरी साताऱ्यात शिडीवर उभी राहून नगरपालिकेच्या भिंतीवर ओल्या कचऱ्याची हिरवी बादली रंगवताना लाज वाटते. अगदी कान तापतात. प्रदर्शनं होतील तेव्हा होतील. भिंती मात्र मिळतात, आणि खरं सांगायचं तर बादलीशेजारी काढलेली म्हैस मला मनापासून आवडली आहे. तरी मी तोंड बांधते. इथे स्कूटरवरच्या बायका डोळे तेवढे सोडून सगळं स्कार्फने बांधतात, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. धुळीचं कारण सांगायला बरं असतं.

परवा दुपारी म्हशीची शिंगं करत होते, तर खालून ओळखीचा आवाज आला. सासूबाई. सोबत उंब्रजहून आलेल्या त्यांच्या दोन जावा. दवाखान्यात कुणाला तरी बघायला त्या आल्या होत्या, आणि सासूबाईंनी वाट वाकडी करून त्यांना भिंतीपाशी आणलं होतं.

“ही समदी भित माज्या सुनंनं रंगवली,” त्या सांगत होत्या. “ती म्हस बगा. आत्ता हंबरंल असं वाटतंय का न्हाई?”

“व्हय की,” एक जाऊ म्हणाली. “आन् सून कुटं हाय?”

खाली उतरून, स्कार्फ सोडून ‘मीच’ म्हणायचं, एवढंच काम होतं. माझं चित्र बघायला कुणी मुद्दाम यावं, हे तर मी कॉलेजपासून मागत आले होते. पण या उंब्रजला जाऊन सांगणार, सून भर रस्त्यात शिडीवर चढून रंग मारते, एवढंच डोक्यात आलं. मी तोंड भिंतीकडे केलं.

सासूबाई शिडीजवळ आल्या. शिडीला अडकवलेली डब्याची पिशवी सकाळी त्यांनीच भरून दिली होती. पिशवीकडे बघून त्यांनी वर पाहिलं, मी चोरून खाली बघत होते, आणि आमची नजरानजर झाली.

“आज आली न्हाई जनू,” त्या जावांना म्हणाल्या. “ही दुसरीच कोन हाय. चला, तुमची एस्टी चुकंल.”

संध्याकाळी त्या चार शब्द सुनावतील म्हणून मी वाट पाहिली. सुनावले असते तर बरं झालं असतं. एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी दोन दिवस ऐकवतात. त्या दिवशी जेवणं उरकून त्या सुईदोरा घेऊन बसल्या.

सकाळी डब्यासोबत त्यांनी माझ्या हातात एक घडी ठेवली. त्यांच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा होता, कडा दुमडून शिवलेला.

“तुजा त्यो लय जाड हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यात जीव गुदमरत न्हाई.”

तो मी बांधला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. भिंतीपाशी पोचले, आजूबाजूला पाहिलं आणि बांधला. श्वास घ्यायला खरंच सोपं गेलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.