उपटलेल्या खुंट्या

नळवाले काका नदीकाठी उतरले की चिंधीचीही धडगत नसे. चाळीस वर्षं लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या. हातपाय थकल्यावर स्वस्थ बसायचं सोडून दर रविवारी दहा-बारा जण गोळा करून त्यांनी नदीचा काठ मोकळा करायला घेतला. लोक म्हणत, हौसेला मोल नाही. हौस कसली! काकूंना अर्धांगाचा झटका आल्यापासून डॉक्टर एकच सांगत होते, रोज सपाट जागी चालवा. आणि त्यांच्या चढउताराच्या गल्लीत सपाट म्हणावं असं फक्त जेवणाचं टेबल होतं.

तीन वर्षांनी काठ माणसांत आला आणि नगरपालिकेनं तिथं बाग आणि पायवाट मंजूर केली. सोमवारी काम सुरू होणार, म्हणून आदल्या दिवशी काकांनी शेवटचा हात फिरवला. लाल फडकी बांधलेल्या एकोणीस लाकडी खुंट्या कुणीतरी गाडून ठेवल्या होत्या. काकांनी सतरा उपटून कचऱ्याच्या गाडीत फेकल्या. दोन हलेनात, त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

गाडी गेल्यावर मंडळींतल्या शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "काका, त्या पायवाटेच्या खुणा तर नव्हत्या?"

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. खुणाच नाहीत म्हटल्यावर काम लांबणार, आणि 'उद्या बघू' म्हणून पुढे टाकलेल्या कामाचं काय होतं, हे नळवाल्याला कुणी शिकवायला नको.

"बोलू नका तुम्ही. कुत्र्यांनी नेल्या म्हणू," मंडळींनी ठरवलं. काकांनी मान डोलावली. पण सोमवारी सकाळी मोजणीदार साहेब समोर आले आणि काकांना खोटं काही रेटवेना.

"मीच उपटल्या, साहेब. कचरा समजून."

"सगळ्या?"

"दोन सोडून. त्या मेल्या निघेचनात."

साहेबांना हसू आवरेना. "निघतील कशा? काँक्रीटमध्ये बसवल्यात. त्या दोन आहेत ना, मग त्यांच्यावरून मोजून बाकीच्या तासाभरात पुन्हा ठोकतो. आणि काका, खुंट्या दरवेळी कुत्रीच नेतात. माणसानं नेल्याचं आज पहिल्यांदा ऐकतोय."

काकांचा जीव भांड्यात पडला. तिथंच मातीत बसकण मारून त्यांनी डोळे पुसले, आणि कुणी बघतंय याची लाजही वाटली नाही. मग तडक घरी गेले आणि काकूंना रिक्षात घालूनच घेऊन आले.

नव्या खुंट्यांच्या कडेकडेनं काकू काकांचा हात धरून निघाल्या. तिसऱ्या खुंटीपाशी थांबल्या.

"दमलीस?" काकांनी घाबरून विचारलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "हात जरा सोडा, एवढंच."