मोठं बटण

शिंप्याची बायको काजं करायची. कपडा घेताना गिऱ्हाईक आधी तिच्या काजांवरून बोट फिरवायचं. मग आमवातानं तिची बोटं धरली. पहाटेच्या स्वप्नात मात्र सुई आपली आपण चालायची, दोरा पाण्यासारखा वाहायचा. डोळे उघडले की बोटं लाकडाची.

नवऱ्याला तिचे हाल बघवेनात. त्यानं गुपचूप तिच्या सगळ्या कपड्यांची बटणं काढून वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या लावल्या. "आता कसली कटकट नाही बघ!"

त्या दिवसापासून ती खिडकीशी नुसती बसून राहू लागली. जेवणावरची वासनाच उडाली.

डॉक्टरीणबाईंनी बोटं तपासून विचारलं, "आणि मन?"

"ते बटणांबरोबर गेलं," ती म्हणाली.

"या दुखण्यात मनही आजारी पडतं. त्याचंही औषध देते."

घरी येताच शिंप्यानं तिच्या निळ्या कोटाला एक मोठं काज केलं आणि मोठं बटण लावलं.

सकाळी ती त्या बटणाशी झगडत राहिली. चहा निवला. त्याचे हात शिवशिवत होते. ते काखेत दाबून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अहो, लागलं एकदाचं," मागून आवाज आला. "पण किती घट्ट हे काज! इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून हेच शिकलात?"